ग्रुप शोची फी भरायच्या आधी हे वाचा

इन्स्टावर "तुमचं काम आमच्या शोसाठी सिलेक्ट झालंय" असे मेसेज ज्यांना येतायत त्या सगळ्या नवीन पेंटर मंडळींसाठी लिहितोय. जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा.

मी कोल्हापूरचा, ॲक्रेलिकमध्ये काम करतो. शाहू स्मारकला माझं प्रदर्शन झालं, त्याचे फोटो टाकले आणि मुंबईच्या एका बाईंचा मेसेज आला, क्युरेटर म्हणून, म्हणजे शोसाठी चित्रं निवडणाऱ्या. मोजकेच आर्टिस्ट घेतोय, मोठे कलेक्टर येणार, उद्घाटनाला सिरियलमधला चेहरा, कॅटलॉग, सर्टिफिकेट वगैरे. दोन चित्रांची पार्टिसिपेशन फी 18,000 आणि चित्र विकलं तर वर 30 टक्के कमिशन.

आता यातली मेख बघा. कमिशन घेण्यात काहीच गैर नाही, चांगल्या गॅलऱ्या 50 टक्क्यांपर्यंत घेतात, पण चित्र विकलं तरच त्यांना पैसे सुटतात म्हणून त्या दहा ठिकाणी फोन करतात, लोकांना बोलावून चित्र दाखवतात. ज्याने आधीच भिंतभर आर्टिस्टांकडून फी गोळा केलीय तो कशाला खटपट करेल? हॉलचं भाडं गेलं की उरलेले पैसे त्याचेच. त्याचं खरं गिऱ्हाईक आपणच असतो.

शोला गेलो तर चित्रं एकावर एक तीन ओळींत टांगलेली, लेबलांवर नावं चुकलेली, आणि बघायला आलेले लोक म्हणजे आर्टिस्ट आणि त्यांचे घरचे. कॅटलॉग म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ. इथपर्यंत ठीक आहे, फी पाण्यात गेली म्हणून सोडून दिलं असतं. पण शेवटच्या दिवशी त्या बाई म्हणाल्या, "रंकाळ्याचं मोठं चित्र आमच्याकडेच राहू दे, एक इंटिरियरवाले बघायला येणारेत." तीन बाय चार फुटाचा कॅनव्हास, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून परत न्यायचा म्हणजे तसाही जीव टांगणीला, म्हणून ठेवला. नंतर फोन केला की एकच उत्तर, "गोडाऊनला सेफ आहे."

आणि मग एका इंटिरियर डिझायनरच्या रीलमध्ये ठाण्यातल्या फ्लॅटच्या सोफ्यावर मला माझं चित्र दिसलं. रंकाळा तलावातल्या संध्यामठाच्या खाली पाण्यात नारंगी रंगाचा एक ओघळ आलेला, तो मी मुद्दाम तसाच ठेवला होता, त्यावरून लगेच ओळखलं. सही जिथे होती त्यावर फ्रेमची जाड पट्टी बसवलेली, म्हणजे नाव दिसूच नये अशी व्यवस्था! त्या डिझायनरला मेसेज केला, माणूस सरळ निघाला, म्हणाला बाईंना 65,000 कॅश दिलेत, बिल मिळालं नाही. बाईंना विचारलं तर म्हणतात चित्र दिल्याचा कागद दाखवा. कागद म्हणजे काय तर त्यांचा एंट्री फॉर्म, आणि त्यात लिहिलेलं एवढंच की चित्र हरवलं किंवा खराब झालं तर आयोजक जबाबदार नाही.

पोलीस स्टेशनला आधी सांगितलं हा सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. मग वकिलाने सविस्तर अर्ज करून दिला, विकायला म्हणून विश्वासाने दिलेली वस्तू परस्पर विकून पैसे खाणं हा गुन्हेगारी विश्वासघात, भारतीय न्याय संहितेचं कलम 316, फसवणुकीचं 318. सोबत फीची यूपीआयची नोंद, ट्रॅव्हल्सची पावती, "सेफ आहे"वाले चॅट आणि डिझायनरचा मेसेज जोडला तेव्हा अर्ज घेतला.

त्यामुळे चित्र कुणाच्याही ताब्यात देताना साध्या कागदावर का होईना पण सही घ्या. चित्राचं नाव, साइज, माध्यम, किंमत, कमिशन, विकल्यावर किती दिवसांत पैसे, नाही विकलं तर कोणत्या तारखेला परत, सगळं त्यात पाहिजे. कॅनव्हासच्या मागेही सही करा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आणि चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट गेला असं नसतं, 1957 च्या कायद्याप्रमाणे तो लेखी दिल्याशिवाय जात नाही, तरी या लोकांच्या फॉर्ममध्ये "सर्व हक्क आयोजकांकडे" अशी ओळ घुसवलेली असते आणि उद्या तुमच्या चित्राचे प्रिंट विकले जातात, म्हणून फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

"मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळवून देतो" म्हणून पैसे मागणारेही भेटतील. जहांगीरला अर्ज आपण स्वतः करायचा असतो, नंबर लागायला वर्षं जातात हे खरं, आणि त्या थांबण्याचाच हे लोक फायदा घेतात. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासून आहे, कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन आहे, तिथे चित्रांची निवड होते, सरसकट सगळ्यांना घेत नाहीत. आधी तिथे पाठवा.

त्या बाईंनी आता पेजचं नाव बदललंय आणि नवीन शोचे मेसेज परत सुरू झालेत. असं कुणाचं चित्र कुठे अडकलं असेल तर चॅट डिलीट करू नका, मला कळवा. माणसं एकच निघाली तर अर्ज एकत्र देऊ, वकील म्हणाले तक्रारदार जास्त असले तर पोलिसांना टाळता येत नाही.