मॅन्युएल अँटोनिओच्या रस्त्यावरचा खाकी शर्ट

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाला जायचं ठरवलं ते आईमुळे. तिला दाट जंगल पाहायचं होतं, मुलांना समुद्र हवा होता, आणि बाबांची एकच अट होती, रोज सामान बांधायला लावू नका. मॅन्युएल अँटोनिओ राष्ट्रीय उद्यानात हे सगळं एका जागी मिळतं. वर्षावन थेट समुद्रापर्यंत उतरतं, झाडांवर माकडं आणि फांदीला लटकून राहणारा, अतिशय संथ प्राणी स्लॉथ, खाली पांढऱ्या वाळूचा किनारा. शिवाय मुख्य वाट रुंद आणि बऱ्यापैकी सपाट आहे, काही भागात लाकडी फळ्यांची पायवाटही आहे. आई एकाहत्तर वर्षांची, गुडघे दुखतात. ती पायवाट पाहूनच मी ही जागा नक्की केली होती.

बाकीचं बुकिंग मी दोन महिने आधी केलं. राहिली होती फक्त उद्यानाची तिकिटं. सरकारी संकेतस्थळ उघडलं, खातं काढलं, सहा जणांचे पासपोर्ट क्रमांक भरत बसले आणि मध्येच पान बंद पडलं. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. रात्रीचे साडेबारा वाजले होते. म्हटलं, जाऊ दे, दारावर घेऊ. इथेच चुकलं. या उद्यानाची तिकिटं दारावर मिळतच नाहीत. ती फक्त सरकारी संकेतस्थळावर, आगाऊ, ठरावीक वेळेची आणि पासपोर्ट क्रमांकासह घ्यावी लागतात. रोज आत किती लोक सोडायचे याची मर्यादा आहे. आणि मंगळवारी उद्यान बंद असतं. आम्ही सोमवारी सकाळी उद्यानाकडे निघालो होतो आणि बुधवारी पहाटे आमचं परतीचं विमान होतं.

केपोस गावातून उद्यानाकडे जाणारा रस्ता डोंगरावरून वळणं घेत समुद्राकडे उतरतो. उतार संपता संपता एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात करत होता. खाकी शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात शिट्टी, बाजूला नारिंगी शंकू. तो शंकू पाहिला की कोणीही गाडी थांबवेलच. नवऱ्याने थांबवली. माणूस इंग्रजीत म्हणाला, “पार्किंग इथेच. पुढे गाड्या सोडत नाहीत.” आम्ही गाडी आत घेतली, २० डॉलर दिले. मग त्याने अगदी आपुलकीने विचारलं, तिकिटं आहेत का? नाही म्हटल्यावर म्हणाला, आजची जवळजवळ संपली आहेत, पण आमच्याकडे गाइडसाठी राखून ठेवलेली असतात.

एक गोष्ट मला अजून टोचते. मी त्याला ओळखपत्र दाखवायला सांगितलं होतं. त्याने ते उचलून माझ्यासमोर धरलं आणि मी फक्त त्यावरचा फोटो पाहिला. कोस्टा रिकात गाइडला पर्यटन खात्याचा परवाना असतो, त्यावर नाव, क्रमांक आणि मुदत असते. या कार्डावर एक माकड, फोटो आणि मोठ्या अक्षरात “गाइड” एवढंच होतं. हे मला नंतर आठवलं.

मोठ्यांचे प्रत्येकी ४५ डॉलर, मुलांचे ३०, म्हणजे सहा जणांचे २४०. रोखच हवे, कारण “कार्डाचं मशीन बिघडलंय”. आम्ही गेलो तेव्हा सरकारी दर मोठ्या परदेशी माणसाला १६ डॉलर, मुलाला ५ आणि वर १३ टक्के कर असा होता. म्हणजे आम्हा सगळ्यांची तिकिटं ८४ डॉलरच्या आत बसली असती. पण आम्ही वरचे पैसे गाइडचे समजलो. त्याने पासपोर्टचे फोटो काढले, टपरीसारख्या खोलीत गेला आणि दहा मिनिटांनी सहा छापील कागद घेऊन आला. प्रत्येकावर आमची नावं आणि खाली काळ्या ठिपक्यांचा चौकोनी कोड. म्हणाला, तुम्ही दाराकडे चालायला लागा, गाइड दुर्बीण घेऊन मागून येतोच आहे.

आम्ही उन्हात पंधरा मिनिटं चाललो. आई दोनदा थांबली. वाटेत दिसलं की दाराच्या अगदी जवळही पैसे देऊन गाडी लावायच्या जागा आहेत आणि रस्ता कुठेच बंद नाही.

दारावर रक्षकाने बाबांचा कागद यंत्रापुढे धरला, लाल दिवा लागला. आईचा धरला, लाल. मग त्याने सहाही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बोट ठेवून दाखवलं. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला आमच्याआधी कळलं. “आई, सगळीकडे एकच चित्र आहे.” खरंच, सहाही चौकोन हुबेहूब सारखे होते. कोणाच्या तरी एका खऱ्या तिकिटाचा कोड, तोही सकाळीच वापरलेला, आणि वर आमची नावं चिकटवलेली. दिवसाची तिकिटं संपली होती. रक्षक सभ्य होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. आईने त्या दारातून आत एकदा पाहिलं आणि म्हणाली, “अगं, राहू दे. चल, कुठेतरी सावलीत बसू.” मला तिथे रडू आलं.

गाडीकडे परतलो तर खाकी शर्टवाला नव्हता, शंकूही नव्हता. जागा सांभाळणाऱ्या पोराने खांदे उडवले. संध्याकाळी पोलिसांत तक्रार दिली, त्यांनी नीट लिहून घेतली, पण रोख पैशाची पावती नसल्यामुळे पुढे काही होण्याची आशा त्यांनी दाखवली नाही. कार्डाने दिले असते तर निदान बँकेकडे दाद मागता आली असती.

आमच्या हॉटेलच्या मालकीणबाईंनी रात्री सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा प्रकार नवा नाही. काही जण नुसते पार्किंगचे पैसे काढतात, काही महागडी सहल गळ्यात मारतात, आणि आमच्यासारखे भेटले तर खोटी तिकिटं. रस्ता सार्वजनिक आहे. गणवेशासारखा शर्ट घातलेला माणूस हात करतोय म्हणून थांबायचं काही कारण नाही. खरा पोलीस गाडीवरून ओळखू येतो. काच खाली न करता सावकाश पुढे जायचं. गाइड हवा असेल तर आदल्या दिवशी हॉटेलमार्फत ठरवायचा, परवान्याचा क्रमांक लिहून घ्यायचा. आणि गाइड घ्याच, असं मी तरीही म्हणेन, कारण हिरव्या पानांत गोळा होऊन बसलेला स्लॉथ नवख्या डोळ्याला दिसत नाही. तिकीट मात्र स्वतःच काढायचं. पान बंद पडलं तर सकाळी पुन्हा उघडायचं, हार मानायची नाही.

त्याच सोमवारी दुपारी, उद्यानाबाहेरच्या सार्वजनिक किनाऱ्यावर, एस्पादियावर, आणखी एक जण मुलांजवळ आला. ४० डॉलरमध्ये स्लॉथ हातात घेऊन फोटो. धाकटा लगेच उठला. या वेळी मी ठाम नाही म्हटलं. जंगली प्राण्याला असं हाताळण्याविरुद्ध तिथल्या सरकारने २०१९ मध्ये मोहीमच काढली होती. माणसाच्या हातात स्लॉथ शांत दिसतो, हसतोय असं वाटतं, पण त्याच्या चेहऱ्याची ठेवणच तशी आहे. आतून तो घाबरलेला असतो. जखमी प्राण्यांची खरी काळजी घेणाऱ्या केंद्रात पाहुण्यांना हात लावू देत नाहीत. कोणी देत असेल तर ते केंद्र तसलं नव्हे, इतकं मुलांना समजावून सांगितलं. धाकटा रुसला, मग लाटांत विसरला.

मंगळवारी उद्यान बंदच होतं. रस्त्यावरून जाताना वर झाडापासून झाडापर्यंत बांधलेले दोर दिसतात, माकडांना विजेच्या तारांना न लागता रस्ता ओलांडता यावा म्हणून. गाडी बाजूला घेतली आणि वाट पाहिली. अर्ध्या तासाने टिटी माकडांचं एक टोळकं त्यावरून गेलं, नारिंगी पाठीची, मुठीएवढ्या डोक्याची, एकाच्या पाठीला पिल्लू घट्ट चिकटलेलं. आईने दुर्बीण डोळ्यांवरून खाली केलीच नाही. स्लॉथ तिला दिसला नाही.

ते सहा कागद मी पासपोर्टच्या पाकिटात जपून ठेवलेत. माझी नणंद जानेवारीत तिकडे निघाली आहे. तिला त्यांचा फोटो पाठवला, सोबत सरकारी संकेतस्थळाचा पत्ता. काल तिचा निरोप आला, तिकिटं मिळाली, गुरुवारची, सकाळच्या पहिल्या वेळेची, आणि चारही कागदांवरचे चौकोन वेगवेगळे आहेत, एकेक करून पाहिले.