ऑटोमॅटिक सिटीचं इंजिन मॅन्युअल सिटीत बसवलं, भोसरीतल्या गॅरेजचा रिव्ह्यू

होंडा सिटीचं २००८ ते २०१३ मधलं मॉडेल ज्यांच्याकडे आहे, ते १.५ लिटर आयव्हीटेक पेट्रोल इंजिनवालं, त्यांनी जरा वेळ काढून वाचा. माझी २०१२ ची मॅन्युअल आहे. पावसाळ्यात सबवेमध्ये इंजिनने पाणी ओढलं आणि जागेवर जाम, खोलल्यावर कळलं की पिस्टनचे कनेक्टिंग रॉड वाकलेत आणि एकाने ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडाला, आतून मार दिलाय, म्हणजे रिपेअरचा विषयच संपला. एवढ्या जुन्या गाडीला इंजिन प्रोटेक्टचं कव्हर मिळालं नव्हतं, आणि साध्या पॉलिसीत पाणी ओढून झालेलं इंजिनचं नुकसान धरत नाहीत, त्यामुळे सगळा खर्च खिशातून.

मग जुनं इंजिन शोधणं सुरू. कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरलो, जे खरंच स्वच्छ इंजिन सापडलं ते ऑटोमॅटिक सिटीचं निघालं, मागून ठोकलेली गाडी होती, पुढचं सगळं शाबूत. इथे पुण्यात ज्याला विचारावं तो म्हणे ऑटोमॅटिकचं इंजिन वेगळं असतं, बसणार नाही, नाहीतर गिअरबॉक्स, वायरिंग, कॉम्प्युटर सगळं ऑटोमॅटिकचंच टाका. भोसरीच्या या गॅरेजचे मिस्त्री मात्र एवढंच म्हणाले, "साहेब, इंजिन एकच आहे, मागचं तोंड बदलायचंय. पण आणायच्या आधी मी बघणार."

आणि बघितलं म्हणजे नुसतं वरून नाही. स्वतः कुर्ल्याला आले, प्लग काढून आत कॅमेरा सोडला, वरचं कव्हर काढून कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) तेलाचा गाळ आहे का ते पाहिलं. आधी दाखवलेलं एक इंजिन गाळामुळे तिथल्या तिथे नाकारलं, दुकानदार किंमत कमी करत होता तरी.

आता मागचं तोंड म्हणजे काय, कारण सगळा खेळ इथेच आहे. दोन्ही इंजिनं १४९७ सीसी, तोच ब्लॉक, तीच टायमिंग चेन, तीच ११८ पीएसची ताकद. फरक असा की ऑटोमॅटिकमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागे एक पातळ पत्र्यासारखी फ्लेक्स प्लेट असते आणि तिच्यावर टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद गिअरबॉक्सला देणारा डबा, त्या कन्व्हर्टरचं आणि त्यातल्या तेलाचं वजनच फ्लायव्हीलचं, म्हणजे इंजिन एकसारखं फिरत ठेवणाऱ्या चाकाचं, काम करतं. मॅन्युअलला जड फ्लायव्हील लागतं, त्याच्या तोंडावर क्लच प्लेट पकडते. म्हणजे फ्लेक्स प्लेट काढायची, आपलं फ्लायव्हील चढवायचं. ऐकायला सोपं आहे, पण हे गॅरेज मला आवडलं ते पुढच्या बारकाव्यांमुळे.

एक, बोल्ट. फ्लेक्स प्लेट पातळ म्हणून तिचे बोल्ट आखूड, ते फ्लायव्हीलला वापरले तर आटे पुरेसे पकडत नाहीत आणि सहा हजार आरपीएमला फिरणारं फ्लायव्हील सुटलं तर काय होईल हे सांगायला नको. त्यांनी मॅन्युअलचे नवीन बोल्ट मागवले आणि समोरासमोरचे असे टॉर्क रेंचने कसले, अंदाजाने नाही. दुसरं, डॉवेल पिन. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत बसवणाऱ्या या छोट्या पिना, कुर्ल्याच्या इंजिनला एक नव्हतीच. कुणीही ती सोडून बोल्ट मारून मोकळा झाला असता, आणि मग गिअरबॉक्सचा शाफ्ट केसभर तिरका राहून काही महिन्यांत क्लच प्लेटचा हब खाल्ला असता. यांनी जुन्या ब्लॉकमधून काढून बसवली आणि मला बोलावून दाखवली. क्रँकच्या मागचं ऑइल सील नवीन टाकलं, कारण ते पुढे लीक झालं तर परत गिअरबॉक्स उतरवायला लागतो. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग होते, ते लेथवर फेस करून, म्हणजे तोंड सपाट करून, आणलं, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळा सेट नवीन. इंजिन बाहेर आहे तोवर फीलर गेज लावून टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पण सेट केले.

दुसऱ्या कंपनीची गाडी असेल तर अजून दोन गोष्टी विचारून घ्या असं ते म्हणाले. काही इंजिनांना क्रँकच्या मागच्या भोकात पायलट बेअरिंग लागतं जे ऑटोमॅटिकवाल्यात बसवलेलंच नसतं, आणि काहींमध्ये क्रँक सेन्सरचे दात फ्लायव्हीलवर असतात, ते जुळले नाहीत तर गाडी चालूच होत नाही.

कॉम्प्युटरबद्दल सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळाले होते. मिस्त्रींनी गाडीचा स्वतःचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आणि वायरिंग तसंच ठेवलं. चावीचा इमोबिलायझर (चोरी रोखणारं लॉक) त्याच ईसीयूशी जोडलेला असतो, आणि ऑटोमॅटिकचा ईसीयू लावला तर तो नसलेल्या गिअरबॉक्सचे सेन्सर शोधत बसतो आणि चेक इंजिनची लाइट लावून ठेवतो. स्टार्टर पण आपलाच मॅन्युअलचा. शेवटी आयडल लर्न केलं, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन किती वेगाने फिरवायचं ते ईसीयूला परत शिकवलं, त्यासाठी रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत तीन हजार आरपीएमवर धरायचं आणि मग एसी, लाइट सगळं बंद ठेवून गाडी आयडलला सोडून द्यायची. त्यानंतर आयडल एकदम स्थिर.

गाडी आता खंबाटकी घाटात चार माणसं आणि सामान घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चढते, क्लच हलका, पहिल्या गिअरला झटका नाही, वर फिरवलं की तोच जुना व्हीटेकचा आवाज. मला खरंच खूप आनंद झालाय, ही गाडी भंगारात जाणार होती.

कागदांचं पण लिहितो कारण लोक इथे अडकतात. इंजिन नंबर बदलला की आरसीवर नोंद लागते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मिस्त्रींची अट होती की इंजिन नंबर लिहिलेलं बिल आणि ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची कॉपी हातात आल्याशिवाय ते इंजिन गॅरेजमध्ये घेणारच नाहीत, चोरीचा माल निघाला तर मालकापासून मेकॅनिकपर्यंत सगळे गोत्यात. इंधन तेच, सीसी तेच, कंपनी तीच, त्यामुळे तपासणीला फार प्रश्न आले नाहीत. इन्शुरन्सवर पण नवीन इंजिन नंबर चढवून घ्या, ते बरेच जण विसरतात.

खर्च इंजिन, क्लच सेट, सील, तेल, मजुरी धरून लाखाच्या थोडा आत. मजुरी आधी सांगितली तेवढीच घेतली.

आता नावडलेलं. तारीख सांगतात ती पाळत नाहीत, फोन उचलत नाहीत, स्वतः जाऊन उभं राहावं लागतं. गाडी उघड्यावर ठेवतात, पावसाळ्यात सीटवर प्लास्टिक टाकून घ्या. आणि इंजिन माउंटिंग (इंजिनचे रबरी आधार) जुनीच परत बसवली होती, गाडी घरी आणल्यावर सिग्नलला स्टिअरिंग थरथरायचं, मग एक माउंटिंग बदललं तेव्हा थांबलं. एवढं सगळं बारकाईने करणाऱ्या माणसाने हे आधीच सांगायला हवं होतं, तेव्हा अर्धा स्टार त्याचा कापला आणि अर्धा तारखांचा. पाचपैकी चार.

नाव इथे टाकत नाही कारण त्यांनीच नको म्हटलंय, आधीच गाड्यांची रांग आहे. ज्याला खरंच काम करायचंय त्याने मेसेज करा, पत्ता देतो, फक्त जाताना इंजिनचे कागद सोबत घेऊन जा.