लग्नाच्या फिल्मचं एडिटिंग: घरी की बाहेर?

दोन-तीन जणांची टीम, वर्षभराची बुकिंग आणि हार्ड डिस्कवर साठत चाललेली लग्नं. लग्नाच्या फिल्म करणारा प्रत्येक छोटा व्यावसायिक कधी ना कधी इथे येऊन अडतो. एडिटिंग स्वतःच करत राहायचं की बाहेरच्या एडिटरला द्यायचं? मी आधी बरीच वर्षं सगळं स्वतः केलं, मग दोन सिझन बाहेर दिलं आणि आता पुन्हा बरंचसं घरी आणलं आहे. तेव्हा माझा कल कुठे आहे हे लपून राहणार नाही, पण दुसरी बाजूही मी मनापासून वापरून पाहिली आहे.

बाहेर दिल्यावर सगळ्यात आधी फरक पडतो तो झोपेत. शूटवरून आल्यावर कार्डं उतरवायची, दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याची खात्री करायची आणि मोकळं व्हायचं. डिलिव्हरीच्या तारखा पाळल्या जातात, ‘अजून किती दिवस?’ असे फोन कमी होतात. शिवाय रोज तेच काम करणाऱ्याचा हात चालतो. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम (एकाच क्षणाचं तिन्ही कॅमेऱ्यांमधलं फुटेज) आणि वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज जुळवायला मला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात माझ्या एडिटरचा पहिला कट बऱ्यापैकी आकाराला आलेला असायचा. आणखी एक फायदा मला उशिरा कळला. एखाद्या शॉटसाठी मी किती वेळ जिन्यावर ताटकळलो होतो हे त्याला ठाऊक नसतं. शॉट चालत नसेल तर तो सरळ काढतो. ते मला स्वतःला आजही जड जातं.

फाइल पाठवण्याचा बाऊ मात्र करू नका. ४के फुटेज सेकंदाला १०० मेगाबिटने घेतलं, तर तासाला साधारण ४५ जीबी होतं. तीन कॅमेरे प्रत्येकी चार तास चालले, तर ५४० जीबी. २० मेगाबिटच्या अपलोडवर ते जायला अडीच दिवस लागतील. पण १०८०च्या, १० मेगाबिटच्या प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, केल्या तर तेच काम सहा तासांत, रात्रीत होतं. मूळ फाइली आपल्याकडेच राहतात, परत फक्त प्रोजेक्ट येतो. अट एकच, दोघांकडे सॉफ्टवेअर एकच हवं. प्रीमियर या सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन, म्हणजे शॉटची क्रमवार मांडणी, एक्सएमएल फाइल करून दाविंची रिझॉल्व या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणली की कट जागेवर असतात, पण रंगांचं काम येत नाही आणि स्पीड रॅम्पही (शॉटचा वेग मध्येच कमी-जास्त करणं) बरेचदा नव्याने बसवावे लागतात.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. कोण कोण आहे, हे लिहून कळवण्यात.

पहिल्या लग्नाचा कट आला तो दिसायला देखणा होता. रंग छान, संगीतावर कट अचूक. पण नवरीची आई सगळी मिळून तीन-चार सेकंद, आणि एक उंच, हसऱ्या चेहऱ्याच्या बाई तीनदा स्लो मोशनमध्ये. त्या बाई सजावटवाल्यांच्या टीममधल्या होत्या. एडिटरची यात काही चूक नव्हती. त्याच्यासमोर दोनशे अनोळखी चेहरे होते आणि त्यांतला कॅमेऱ्याला सगळ्यात गोड दिसणारा त्याने निवडला.

मग मी टिपणं लिहू लागलो. अमुक क्लिप, अमुक मिनिट, निळ्या कपड्यांतली ती मावशी, तिने नवरीला वाढवलं आहे. चष्मा लावलेले ते काका नव्हेत, त्यांच्या मागचे. मुख्य चेहऱ्यांचे स्क्रीनशॉट काढून त्यांवर नाती लिहिली. एका लग्नाला अख्खी संध्याकाळ जायची, कधी दुसरा दिवसही उजाडायचा. आणि एवढं करूनही मुख्य गोष्ट निसटायची. एका शूटमध्ये नवरीची आजी खुर्चीतून उठताना मी कॅमेरा तिच्याकडे वळवला. शॉट हलला आहे, सुरुवातीचा अर्धा सेकंद फोकस नाही. ती दिवसभर उठली नव्हती, गुडघे साथ देत नव्हते, हे मी तिथे सकाळपासून होतो म्हणून मला ठाऊक. एडिटरने तो शॉट खराब म्हणून बाजूला टाकला, जसा कुणीही टाकेल. मी तो हुडकून परत लावायला सांगितला. पुढे फिल्म पाहून नवरीचा फोन आला, तेव्हा ती त्याच शॉटबद्दल बोलत होती.

टिपणं लिहायची म्हणजे सगळं फुटेज पाहायचं, निवडायचं, क्रम लावायचा. थोडक्यात निम्मं एडिटिंग मीच करत होतो, फक्त टाइमलाइनवर न करता कागदावर. मग टाइमलाइनवरच केलेलं काय वाईट?

दुसरी गोष्ट हळूहळू लक्षात आली. बाहेर देत होतो त्या काळात माझं शूटिंग सैल झालं. स्वतः कट करणारा माणूस क्रिया संपल्यावरही दोन-तीन सेकंद कॅमेरा चालू ठेवतो, कारण कट करताना ती जागा लागते हे त्याला सोसून कळलेलं असतं. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाचा शॉट हवा तर तो ५० फ्रेमवर घ्यावा लागतो, हेही त्याच्या बोटांत असतं. माझ्या बोटांतून ते निसटत चाललं होतं आणि कुणी टोकत नव्हतं.

तरी सगळं घरीच करा असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडे लग्नं माझ्याहून बरीच जास्त असतील, किंवा कायमचा एडिटर शूटलाही सोबत येत असेल, तर हिशोब वेगळा होईल. मीसुद्धा आवाज जुळवणं आणि विधींचा पूर्ण लांबीचा व्हिडिओ अजून बाहेरच देतो. तिथे घडलेला क्रमच फिल्मचा क्रम असतो, नाती कळली नाहीत तरी फारसं अडत नाही. छोटी फिल्म मात्र माझ्याच टेबलावर होते, उशीर झाला तरी. त्यापायी डिलिव्हरीची मुदत मी करारातच वाढवून घेतली आणि कारण सांगितल्यावर आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

बाहेर देऊन पाहायचंच असेल, तर चालू काम देऊ नका. तुम्ही स्वतः कट करून पोहोचवलेलं एखादं जुनं लग्न, त्या घरच्यांना विचारून, पूर्ण मोबदला देऊन एडिटरला द्या. टिपण एका पानाचंच लिहा. कट आला की दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावा आणि आवाज बंद करून फक्त चेहरे पाहा.