शार्लट की बॉस्टन: बस एकच, वाटा दोन

अमेरिकेत 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ब्राउन खटल्यातल्या निकालाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या. पण मुलं एका वर्गात आणायची कशी? शार्लट आणि बॉस्टन, दोन्ही शहरांना कोर्टाने मुलांना दुसऱ्या वस्तीतल्या शाळांत नेणाऱ्या बस लावायला लावल्या, म्हणजे काळी-गोरी मुलं एकत्र येतील. फळ मात्र वेगळं मिळालं.

बॉस्टनमध्ये सप्टेंबर 1974 ला साउथ बॉस्टन हायस्कूलच्या काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले, काचा फुटून मुलं जखमी झाली. आदेश फक्त शहरापुरता होता. गोरी कुटुंबं उपनगरात किंवा खासगी शाळांत निघून गेली. उरलेली गरीब मुलं एकमेकांच्या गरीब शाळांत फिरवली गेली. मला हे फार लागतं.

शार्लटमध्येही विरोध झाला. पण तिथे शहर आणि आसपासची काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मिळून एकच शाळा-जिल्हा, म्हणजे शाळांचा एकच कारभार होता, पळून जायला जवळ जागाच नव्हती. 1974 मध्येच वेस्ट शार्लट हायस्कूलच्या मुलांनी बॉस्टनच्या मुलांना बोलावलं: या, आम्ही एकत्र कसे शिकतो ते बघा.

शिक्षणावरचा परिणाम? अर्थतज्ज्ञ रकर जॉन्सन यांनी देशभरातल्या मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. एकत्र शाळांत गेलेली काळी मुलं जास्त वर्षं शिकली, पुढे जास्त कमावती झाली. गोऱ्या मुलांचं नुकसान दिसलं नाही. नुसतं शेजारी बसून हे झालं नाही, त्या शाळांत पैसा आला, वर्ग लहान झाले.

माझा कौल शार्लटच्या बाजूने आहे. मात्र 2002 मध्ये तिथली बसची ती योजना थांबली आणि शाळा पुन्हा वेगळ्या होत गेल्या.