मोटरहोमसाठी डोमेटिक ३१०: भांडं उत्तम, पण आधी पाइप मोजा

मोटरहोममध्ये घरगुती कमोड बसवलेला असेल, तर गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना त्याची खोड कळते. घरच्या कमोडमध्ये ट्रॅपमधलं, म्हणजे भांड्याखालच्या वळणदार नळीत साठलेलं पाणी वास अडवतं. घाटातल्या वळणांवर ते हिंदकळून टाकीत जातं आणि मैल्याच्या टाकीतला वायू थेट गाडीत शिरतो. पाण्याचा हिशेबही जमत नाही. एका फ्लशला सहा लिटर धरले, तर ६० लिटरची टाकी दहा वापरांत भरली.

डोमेटिक ३१० हे मोटरहोमसाठीच बनवलेलं टॉयलेट या दोन्ही दुखण्यांवर नेमका उतारा आहे. भांडं सिरॅमिकचं, फ्लश पायाच्या पेडलवर, वीज लागत नाही. पेडल अर्धं दाबलं की भांड्यात फक्त पाणी येतं. पूर्ण दाबलं की तळाची झडप उघडते आणि थोड्याच पाण्यात सगळं सरळ खाली टाकीत पडतं. ट्रॅप नाहीच. झडपेभोवतीचं रबरी सील आणि त्यावर राहिलेलं थोडं पाणी, एवढ्यावर वास अडतो. गाडी हलली तरी हे पाणी कुठे जात नाही.

एक अट मात्र कडक आहे. टाकी भांड्याच्या बरोबर खाली हवी. घरच्या कमोडसाठी गाडीची बॉडी बांधणाऱ्याने पाइप आडवा नेऊन ९० अंशांचा एल्बो (कोपऱ्याचा जोड) टाकला असेल, तर तो काढल्याशिवाय हे भांडं घेऊ नका. थोड्या पाण्याला आडव्या पाइपातून मैला ढकलता येत नाही; एल्बोत थर साचतो आणि पाइप तुंबतो. टाकी सरकवणं शक्यच नसेल, तर दळून पुढे ढकलणारं मॅसरेटर टॉयलेट बघावं. लहान व्हॅनला यातलं काहीच नको, सुटं पोर्टेबल टॉयलेट पुरे.

आता पाइप. बहुतेकांचं काम इथेच अडतं. या भांड्याला लागणारी अमेरिकन ३ इंची फ्लँज (भांडं ज्यावर बसतं ती पाइपाच्या तोंडाची चकती) ज्या पाइपाला जोडते, त्याचा बाहेरचा व्यास ८८.९ मिमी असतो. आपल्याकडे ड्रेनेजसाठी सर्रास मिळणारा एसडब्ल्यूआर पाइप ७५ किंवा ११० मिमीचा. दुकानात नुसतं ‘तीन इंची’ म्हटलं की ७५चा हातात पडतो. ३ इंची शेड्यूल ४० यूपीव्हीसी पाइप मागा. त्याचा व्यास जुळतो. फ्लँजही पीव्हीसीचीच घ्या, कारण एबीएस या वेगळ्या प्लास्टिकच्या फ्लँजला पीव्हीसी चिकटवायचं सॉल्व्हेंट नीट धरत नाही.

जुना कमोड काढण्याआधी मैल्याची टाकी रिकामी करून धुवा, पाण्याचा पंप बंद करा आणि एक नळ उघडून लाइनमधला दाब सोडा. पांढऱ्या सिमेंटमध्ये बसवलेला कमोड छिन्नीने हळूहळू सुटा करावा लागतो. खालचं प्लाय स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. भोकाभोवती ते मऊ लागलं, तर तेवढा तुकडा कापून १८ मिमीचं मरीन प्लाय घाला. कुजक्या प्लायवर फ्लँजचे स्क्रू धरत नाहीत.

फ्लँजची उंची सगळ्यात महत्त्वाची. असल्या भांड्यांना साधारणपणे तयार फरशीच्या वर ६ ते ११ मिमी लागते. सोबतच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. फ्लँज खाली राहिली तर सील दाबलं जात नाही, आणि प्रत्येक फ्लशला थोडं पाणी प्लायमध्ये मुरतं. वर राहिली तर भांडं डुगडुगतं आणि नट आवळताना सिरॅमिकला तडा जातो. उंची कमी पडत असेल तर उद्यमनगरात लेथवर एचडीपीई या टणक प्लास्टिकची रिंग कातून घ्यावी. नेमक्या जाडीचं काम करून देणारे हात कोल्हापुरात गल्लीगल्लीत आहेत, त्याचा फायदा घ्या. घरी वापरतात ती मेणाची रिंग गाडीत नको. उन्हाने मऊ होते, हादऱ्यांनी सरकते. दोन्ही नट आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळा आणि भांडं हलायचं थांबलं की हात थांबवा. बुडाभोवती सिमेंट भरू नये. सिलिकॉन लावायचंच असेल तर मागची बाजू उघडी ठेवा, म्हणजे गळती झाली तर दिसेल.

पाण्याच्या जोडणीतही एक मेख आहे. भांड्याची आटी अर्धा इंची एनपीटी (अमेरिकन पद्धतीची), आपल्या फिटिंगची बीएसपी (ब्रिटिश पद्धतीची). इंचाला १४ आट्या दोन्हीकडे, म्हणून नट चढतो. पण आटीचा कोन वेगळा आणि एनपीटी निमुळती, म्हणून टेफ्लॉन कितीही गुंडाळला तरी थेंब पडत राहतो. तोंडाशी सपाट रबरी वायसर असलेला फ्लेक्झिबल पाइप वापरा. पाणी वायसर अडवतं, आटीवर भार येत नाही. प्लास्टिकच्या इनलेटवर पाना लावू नका, हातानेच आवळा. जेट स्प्रेसाठी आधी टी आणि स्वतंत्र अँगल कॉक घ्या, आणि प्रवासात तो कॉक बंद ठेवा. पंपाच्या दाबाखाली जेटची नळी सुटली, तर स्वच्छ पाण्याची सगळी टाकी गाडीत रिकामी होते.

तपासणी अशी: भांड्यात पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी पातळी तीच हवी. बुडाभोवती कोरडा टिश्यू ठेवून पाच-सहा वेळा फ्लश करा. सगळे नळ बंद असताना पंप अधूनमधून टकटक करत असेल, तर कुठेतरी गळतंय. एवढं करूनही वास येत असेल, तर टाकीतला वायू बाहेर सोडणारा, छतावर जाणारा व्हेंट पाइप बघा. त्याचं खालचं टोक टाकीच्या वरच्या पत्र्यालगत हवं. ते मैल्यात बुडालं की वायूला वर जायला वाट राहत नाही आणि झडप उघडताच तो भांड्यातून येतो.

भांड्यात ऍसिड टाकू नका, रबर जातं. बोअरच्या पाण्याचा क्षार व्हिनेगरने निघतो. सीलला तेल किंवा व्हॅसलीन नको, सिलिकॉन स्प्रे चालतो. झडपेचं सील आणि फ्लँजचं सील हे दोन्ही सुटे भाग भांड्याबरोबरच मागवा. इथे दुकानात ते आयत्या वेळी मिळत नाहीत आणि एका सीलपायी गाडी अडून राहते.