केळीचं सोपट, पपायरसच्या भावात

आम्ही रावेर तालुक्यातले. घरी तीन पिढ्यांची केळी, त्यामुळे सोपट, म्हणजे केळीच्या खोडाचं साल, आमच्या रोजच्या ओळखीचं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून हसू आलं तर मोकळेपणानं हसा.

जानेवारीत आम्ही दोघं, मी आणि बायको, इजिप्तमध्ये लक्झरला होतो. नाईलच्या पश्चिम काठाची एक दिवसाची सहल हॉटेलच्या लॉबीतच एका एजंटाकडे ठरवली. राजांची दरी, हत्शेपसुतचं मंदिर, मदिनत हबू आणि मेम्नॉनचे पुतळे, गाडी-गाइड-तिकिटं-जेवण सगळं धरून. मदिनत हबूसाठी मी अडूनच बसलो होतो. तिसऱ्या रामसेस राजाच्या त्या देवळात लढाईनंतरचा हिशेब भिंतीवर कोरलाय. शत्रूंच्या तोडलेल्या हातांचा ढीग पडलाय आणि कारकून ते मोजून लिहून घेतायत. सरळ पंचनामाच. मला तेवढं एक बघायचं होतं.

गाइड पस्तिशीचा, गळ्यात परवान्याचं कार्ड. आम्ही भारतीय म्हटल्यावर पहिलं वाक्य 'अमिताभ बच्चन!' हे तिथं सगळेच म्हणतात, त्यावर भाळू नका. पण हा माणूस खरंच चांगलं सांगायचा. हत्शेपसुतच्या देवळात त्यानं एका भिंतीपुढे उभं केलं आणि म्हणाला, नीट बघा. छिन्नीनं टोचून काढलेली एक आकृती, फक्त कडा उरलेल्या. राणीच्या मागून आलेल्या तिसऱ्या थुतमोसच्या काळात तिची चित्रं अशी खरवडली गेली. बायको तिथंच दहा मिनिटं उभी राहिली. इतकं जीव लावून सांगणारा माणूस आपल्याला गंडवेल, असं मनातही येत नाही.

राजांच्या दरीत पहिली ठेच लागली, पण ती आम्ही मनावर घेतली नाही. तिथल्या साध्या तिकिटावर तीन थडगी बघता येतात, तुतनखामुनचं तिकीट वेगळं. ते 'सगळं धरून'मध्ये नाही, असं त्यानं दारात सांगितलं आणि आमच्याकडून रोख पैसे घेऊन स्वतः आणून दिलं. परतताना खिडकीवरचा दरफलक वाचला, तेव्हा कळलं की माणशी दीडपट घेतले. म्हटलं जाऊ दे, परदेशात एवढ्यावरून कुठे वाद घाला! आत गाइडला बोलायची परवानगी नसते, तो बाहेर थांबतो. आत पहारेकरी बॅटरी मारून एखादा कोपरा दाखवतो आणि हात पुढे करतो. ती बक्षिसी वेगळी.

जेवणाआधी 'फक्त दहा मिनिटं' अलाबास्टरच्या, म्हणजे एका मऊ दगडाच्या भांड्यांच्या, कारखान्यात. बाहेर ओट्यावर चौघं हातानं दगड घासत बसलेले, आत कपाटांत एकसारखी, यंत्रावर कातलेली शेकडो भांडी. चहा पाजला. पाऊण तास गेला. तिथं काही घेतलं नाही म्हणून स्वतःवर खूश होतो.

जेवणानंतर गाडी पुन्हा थांबली. पाटीवर 'पपायरस म्युझियम'. पपायरस म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडाच्या दांड्यापासून करायचा जुना इजिप्शियन कागद. म्युझियम म्हटल्यावर माणूस आपोआप चपला झटकून आत जातो. एका मुलीनं हिरवा दांडा सोलला, गाभ्याच्या पातळ पट्ट्या काढल्या, लाटण्यानं पाणी पिळून काढलं, पट्ट्या आडव्या-उभ्या रचून दाबाखाली ठेवल्या. तयार तुकडा तिनं चुरगाळून दाखवला, मोडला नाही. उजेडासमोर धरला तर आतली जाळी स्पष्ट दिसली. हे सगळं खरंच होतं. लबाडी पुढच्या खोलीत होती. विकायच्या चित्रांचा गठ्ठा दुसऱ्याच टेबलावर, आणि तो कुणी चुरगाळून दाखवला नाही, आम्हीही म्हटलं नाही.

मृताचं हृदय पिसाशी तोललं जातंय, असं चित्र आवडलं. भाव 3200 इजिप्शियन पाउंड. मी घासाघीस करून 1900 वर आणला, म्हणजे तेव्हाच्या दरानं तीन हजार रुपयांच्या वर. गाइड कौतुकानं म्हणाला, तुम्ही व्यापारी दिसता. तेवढ्यात त्या मुलीनं आपणहून, फुकट, चित्राच्या कोपऱ्यात बायकोचं नाव चित्रलिपीत लिहून दिलं. फुकट कसलं! नाव पडलं की वस्तू परत करता येत नाही. कुणी 'भेट म्हणून' नाव लिहायला लागलं तर पेन धरलेला हात आधी थांबवा.

बाहेर आलो तर साडेतीन वाजलेले. मदिनत हबू? गाइड घड्याळ बघून हळहळला, 'उशीर झाला, आता तिकीट मिळणार नाही.' मग मला जे सकाळीच कळायला हवं होतं ते कळलं. त्या देवळाचं तिकीट दारात मिळत नाही, मेम्नॉनच्या पुतळ्यांपुढच्या कचेरीत आधी घ्यावं लागतं. सकाळी आम्ही त्या कचेरीवरूनच गेलो होतो आणि गाडी थांबलीही नव्हती. म्हणजे तिथं जायचंच नाही, हे त्याचं निघतानाच ठरलेलं. दोन दुकानांत अडीच तास गेले, ते चुकून नाही. तिथल्या प्रत्येक विक्रीत गाइडचा वाटा असतो. एजंटाला कागद दाखवला, तर म्हणाला, वेळेनुसार कार्यक्रम बदलतो असं खाली छापलंय. छापलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान होतं.

तुम्ही जाणार असाल तर ठरवतानाच 'एकही दुकान नको' असं लिहून घ्या आणि जे देऊळ मनात आहे ते पहिलं ठेवा, शेवटी नाही. त्याचं तिकीट हातात आल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देऊ नका.

चित्र गावी आणलं. फ्रेम करायला नळीतून काढून उलगडलं, तर मधोमध तडकलं. काका ओट्यावर बसले होते. त्यांनी तुटलेली कड बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघितलं.

"हे तं केयीचं सोपट आहे रे," ते म्हणाले. "केवढ्याले आनलं?"

मी दोनशे सांगितले.