मोठा कॅम बसवलेल्या एस्टीमचे आयडलिंग : कोल्हापुरातील एका ट्यूनिंग गॅरेजचा अनुभव

माझ्या जुन्या मारुती एस्टीमच्या 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात मी ऑटोक्रॉससाठी (आखलेल्या वळणदार मार्गावरील वेळेची शर्यत) 272 अंशांचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त काळ उघडे ठेवणारा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि मेगास्क्वर्ट ईसीयू (पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा संगणक) बसवला. वरच्या आरपीएमला गाडी सुरेख ओढू लागली, मात्र आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिनाचे चालू राहणे, पुरते बिघडले. पहिल्या गॅरेजने यावर एकच उपाय केला : थ्रॉटलचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) स्टॉप-स्क्रू पिळून आयडल 1400 आरपीएमवर नेले. गाडी बंद पडणे थांबले, पण थ्रॉटल सेन्सरला थ्रॉटल सतत किंचित उघडा दिसू लागल्याने ईसीयूचे आयडल नियंत्रण सुरूच होईना आणि वळणाआधी पाय काढला तरी गाडी पुढे रेटत राही.

कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या छोट्या गॅरेजबद्दल मी लिहीत आहे, तिथल्या मिस्त्रींनी पहिला अर्धा दिवस लॅपटॉप उघडलाच नाही, आणि माझ्या मते त्यांच्या कामाचे खरे मोल इथेच आहे. त्यांनी इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधली. थ्रॉटल बॉडीच्या गॅस्केटपाशी ती सापडली. नंतर व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासले आणि डायल गेज लावून कॅमचे टायमिंग पुन्हा जुळवले, कारण पुलीचा एक दात जरी चुकला असेल तरी पुढचे सगळे ट्यूनिंग त्या चुकीवरच उभे राहते.

दोष कुठे आहे हेही त्यांनी नीट समजावून सांगितले. अशा कॅममध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटण्याआधीच इनटेक व्हॉल्व्ह उघडलेला असतो (याला ओव्हरलॅप म्हणतात), आणि कमी आरपीएमला हा काळ लांबल्यामुळे जळलेला वायू उलटा मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांत) शिरून ताज्या मिश्रणात मिसळतो. त्यामुळे व्हॅक्यूम घटतो, मॅप सेन्सरचा (मॅनिफोल्डमधील दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा नाचू लागतो आणि त्याच आकड्यावर पेट्रोल मोजणारा ईसीयू कधी जास्त, कधी कमी पेट्रोल देतो. त्यातच न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये पोहोचला की ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ भासते आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवत नेतो.

म्हणून त्यांनी आयडलपुरते ऑक्सिजन सेन्सरच्या आकड्यावरून पेट्रोल बदलणे बंद केले, पेट्रोलचा हिशेब थ्रॉटलच्या उघडझापीवर अधिक सोपवला आणि मिश्रण 13.5 च्या आसपास (एक भाग पेट्रोलला वजनाने 13.5 भाग हवा) ठेवले. स्टॉप-स्क्रू मागे घेऊन थ्रॉटल सेन्सरचा शून्यबिंदू नव्याने ठरवला. इग्निशनची मांडणी मला सर्वांत आवडली : 1050 आरपीएमला 18 अंश ॲडव्हान्स (पिस्टन वर पोहोचण्याच्या तेवढे अंश आधी ठिणगी), त्याखाली आरपीएम घसरला तर 24 पर्यंत, आणि वर चढला तर 12 पर्यंत कमी. आयडलला हवा सोडणारा व्हॉल्व्ह हळू चालतो, ठिणगी मात्र पुढच्याच स्फोटाला बदलते, त्यामुळे इंजिन स्वतःला सावरून घेते. आयडलला किंचित थरथर राहिली आहे. एवढ्या ओव्हरलॅपच्या इंजिनाकडून ती पूर्ण जाण्याची अपेक्षा करणे चुकीचे ठरेल, आणि तसे आश्वासन देणाऱ्या ट्यूनरवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. सगळे ट्यूनिंग गरम इंजिनावर झाले होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी तीनदा बंद पडली. थंड इंजिनासाठीचे जादा पेट्रोल आणि हवा ठरवायला गाडी रात्रभर तिथेच ठेवायला हवी होती, आणि हे त्यांनी आधी सांगायला हवे होते. व्हॅक्यूम घटल्यावर ब्रेक बूस्टरची मदतही कमी होते. तीही त्यांनी मी विचारल्यावरच तपासली. मी पुन्हा गेलो तेव्हा मात्र त्यांनी पहाटे सहाला गाडी सुरू करून थंड इंजिनाचे कोष्टक जुळवले, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत आणि अंतिम ट्यूनची फाइल मागण्याआधीच माझ्या हाती दिली.